प्रस्तावना मिळणार नाही

महिंद्राची थार गाडी घेतलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

तुमच्या मंडळाची स्मरणिका निघते आहे, तीत प्रत्येकाने आपल्या गाडीचा दीर्घकाळचा अनुभव लिहिला आहे, आणि सरांनी दोन पानं प्रस्तावनेची लिहून द्यावीत, असं सांगून तुम्ही लेखांचा गठ्ठा माझ्याकडे ठेवून गेलात. गठ्ठा अथपासून इतिपर्यंत वाचला. प्रस्तावना मिळणार नाही. तिच्या जागी हे पत्र घ्या आणि येत्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वाचताना मधली वाक्यं गाळायची नाहीत.

दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर मी कागद बाजूला ठेवले असते. गाडीची हौस असलेला माणूस हौसेनेच लिहिणार. पण तुम्ही आयटीआयमध्ये माझ्यासमोर बसून मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलात. तुमच्यातले बरेच जण आज नाशिक-सिन्नरच्या पट्ट्यात गॅरेज चालवतात, काही कारखान्यांत आहेत, काहींनी ट्रेड सोडून निफाडला द्राक्षबागा धरल्या. ही गाडी तयारही आपल्याच नाशकात होते. ज्यांना मी डिफरन्शियल उघडून दात्या-दात्याला हात लावायला लावला, त्यांनी डिफरन्शियलबद्दल बाजारगप्पा लिहाव्यात, हे मी खपवून घेणार नाही.

आधी काळाचं बोलू. गठ्ठ्यातले निम्म्याहून अधिक लेख पहिल्या किंवा दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर लिहिलेले आहेत, आणि मथळा मात्र ‘दीर्घ अनुभव’. इतक्यात गाडीचं काय कळतं? रंग कळतो, सीट कळते, रस्त्यावर माणसं वळून बघतात एवढं कळतं. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, सस्पेन्शनचे रबरी बुश, बॉल जॉइंट, शॉकअप, चाकांची बेअरिंगं, रेडिएटरचे होज, ह्यांपैकी एकही भाग चार-पाच हजार किलोमीटरमध्ये आपला गुण-अवगुण दाखवत नाही. आणि किलोमीटर मोजता तसे पावसाळेही मोजायला हवेत, ते कोणीच मोजलेले नाहीत. दापोलीत उघड्यावर चार पावसाळे काढलेली कमी चाललेली गाडी आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत खूप चाललेली गाडी ह्या दोघींच्या चासीखाली झोपून पाहा. आकडा जिचा लहान, तिचेच नट आधी गंजलेले सापडतील. रबराचं सील वयाने कडक होतं, गाडी उभी असली तरी होतं. हे तुम्ही माझ्याकडे शिकलेले आहात.

गाडी कुठली, हेसुद्धा तुम्ही धड लिहिलेलं नाही. सगळे लेख ‘थार’ ह्या एका नावाखाली. २०१० साली आलेली थार वेगळी होती. तिला मागे पाटे होते. २०२० च्या १५ ऑगस्टला दाखवलेली आणि २ ऑक्टोबरपासून विकायला लागलेली थार वेगळी. तिला मागे कॉइल स्प्रिंग, डिझेलमध्ये २.२ लिटरचं आणि पेट्रोलमध्ये २ लिटरचं इंजिन. जानेवारी २०२३ मध्ये १.५ लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांना ओढ देणारी थार आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली. तिचा व्हीलबेस २,८५० मिलिमीटर, तीन दारांच्या गाडीचा २,४५०. चाळीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे चालीत, वळण्यात, चढण्यात सगळीकडे फरक. इगतपुरीच्या गृहस्थांनी तक्रार लिहिली आहे की चिखलात गाडी वर चढत नाही, नाव खराब केलं. दोन पानं खाली गेल्यावर एका ओझरत्या वाक्यात कळतं की त्यांची गाडी फोर बाय फोर नाहीच! पुढच्या चाकांना ओढ जात नाही, तर ती चाकं चिखलात काय करतील? हे वाक्य पहिल्या ओळीत असायला हवं होतं.

बनावटीचा महिना तर एकानेही लिहिला नाही. तो का लागतो ते सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने १,५७७ डिझेल थार परत बोलावल्या, कॅमशाफ्ट तपासण्यासाठी. पुरवठादाराच्या कारखान्यात मशिनच्या सेटिंगमध्ये चूक झाली होती, आणि ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० ह्या काळात तयार झालेल्या गाड्यांपुरती ती होती. आता त्या काळातल्या गाडीचा मालक इंजिनाबद्दल काही लिहील आणि २०२२ च्या गाडीचा मालक काही लिहील, तर दोघंही खरं लिहून एकमेकांच्या उलट लिहू शकतात. वाचणाऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स, दोन चाकांना ओढ की चार चाकांना, बनावटीचा महिना आणि वर्ष, लिहिताना झालेले किलोमीटर. एवढं वर नसेल तर खालचा मजकूर वाचण्याच्या लायकीचा नाही.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो. ‘मागची सीट आपटते’, ‘रस्त्याच्या सांध्यांवर गाडी पुढे-मागे डुलते’, ‘हायवेवर वाऱ्याचा आवाज येतो’, ‘सामानाला जागा नाही’. ह्या वाक्यांवर मला सगळ्यांत जास्त राग आला. गाडीला लॅडर फ्रेमची चासी आहे, मागे अखंड ॲक्सल आहे, व्हीलबेस तोकडा आहे. तोकड्या व्हीलबेसमुळेच तिचं पोट खडकाच्या टोकावर अडकत नाही. २०२० च्या थारसाठी कंपनीने पोटाखालचा तो कोन २७ अंश सांगितला होता. त्याच तोकडेपणामुळे मुंबई-नाशिक हायवेवर प्रत्येक सांध्याला ती डोलते. एकाच मापाची ही दोन फळं आहेत. एक गोड म्हणून खाल्लंत आणि दुसरं कडू म्हणून तक्रार करता. अखंड ॲक्सलला एक चाक उचललं की दुसरं हलणारच, पण तोच ॲक्सल उखडलेल्या रानवाटेवर जमिनीपासूनची उंची राखतो. बायको-मुलांना घेऊन दर आठवड्याला पुण्याला जायचं होतं, तर दुसरी गाडी घ्यायची होती. गाडी तिच्या स्वभावाने वागली ह्याला दोष म्हणत नाहीत. दोष कशाला म्हणायचं? जे काम करण्यासाठी ती बांधली आहे, ते काम तिने केलं नाही किंवा फार लवकर करायचं थांबवलं, तर.

आणि ते काम तुम्ही तिच्याकडून घेतलंत का? लेखांवरून दिसतं की बहुतेकांनी ट्रान्स्फर केसचा छोटा दांडा वर्षभरात ४एल मध्ये, म्हणजे चार चाकांच्या हळू गिअरमध्ये, टाकलेलाच नाही. काहींनी मात्र ४एच मध्ये, म्हणजे चार चाकांच्या जलद गिअरमध्ये, टाकला, आणि कुठे? डांबरी रस्त्यावर. ‘पावसात ग्रिप जास्त मिळावी म्हणून घाटात ४एच लावून आलो’ असं एकाने अभिमानाने लिहिलं आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘पार्किंगमध्ये वळवताना पुढून कडकड आवाज आला, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडली, शोरूममध्ये दाखवायला हवं’ असं लिहिलं आहे. अरे, शोरूममध्ये काय दाखवायचं? स्वतःला दाखव!

पुन्हा एकदा सांगतो, कारण विसरलेले दिसता. वळताना चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक त्या-त्या ॲक्सलचं डिफरन्शियल भरून काढतं. पण पुढच्या ॲक्सलचं आणि मागच्या ॲक्सलचं अंतरही सारखं नसतं. पुढची चाकं बाहेरून मोठा फेरा घेतात. ज्या गाडीत चारही चाकांना कायम ओढ असते, तिच्यात ह्यासाठी मध्ये तिसरं डिफरन्शियल दिलेलं असतं. थारमध्ये ते नाही, फोर्सच्या गुरखा गाडीतही नाही, जुन्या जीपमध्येही नव्हतं. ४एच लावलं की पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना जखडले जातात आणि एकाच फेऱ्याने फिरतात. फरक जाणार कुठे? चिखलात, वाळूत, मुरमाड उतारावर टायर थोडे घसरतात आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, आणि मग ओलं धोतर पिळावं तसा सगळा शाफ्ट पिळला जातो. तो ताण टायरच्या कडेवर, शाफ्टच्या क्रॉसवर, गिअरच्या दात्यांवर जातो. दांडा ४एच मधून निघत नाही, घट्ट बसतो, ही तक्रारही दोघांनी लिहिली आहे. त्याचं कारण हेच. थोडं मागे घ्या, सरळ ठेवा, ताण सुटतो, दांडा निघतो. एक वर्ष असं चालवून मग ‘क्रॉस लवकर गेले’ असं स्मरणिकेत छापायचं, आणि ते वाचून दिंडोरीचा एखादा शेतकरी ठरवणार की गाडी कच्ची आहे. हा अन्याय कुणावर होतो ते बघा. गाडीवर होतो, आणि त्या शेतकऱ्यावरही.

त्याच्या उलटचं अज्ञानही आहे. ज्या प्रकारात मागच्या ॲक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आहे, तिथे दोन चाकांच्या फेऱ्यांत ठरावीक फरक पडल्याशिवाय ते लागत नाही. एक चाक क्षणभर फिरतं, मग आतून ‘ठक्’ असा धक्का येतो आणि दोन्ही चाकं एकत्र ओढायला लागतात. हा धक्का त्या यंत्राचा धर्म आहे. एकाने ‘मागचा ॲक्सल तुटला असं वाटून ॲक्सिलरेटर सोडला, गाडी अडकली ती ट्रॅक्टरने काढावी लागली’ असं लिहून खाली निष्कर्ष काढला आहे की हे लॉक निरुपयोगी आहे. लॉक लागलं त्याच क्षणी तू पाय काढलास. गुरख्यात पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक चालकाच्या हातात आहे, हे खरं. तुला ते पसंत असेल तर तशी तुलना कर, कारणासह कर. पण यंत्र समजून न घेता त्याच्यावर शिक्का मारायचा अधिकार माझ्या विद्यार्थ्याला नाही.

पाण्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून तर मला हातातले कागद खाली ठेवावे लागले. ‘बोनेटपर्यंत पाण्यातून काढली, काहीही झालं नाही.’ कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. १८ इंची रिमच्या टायरवर चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३९० मिलिमीटरवर येतो. म्हणजे कंपनीने दिलेल्या मर्यादेतसुद्धा डिफरन्शियल पूर्ण बुडालेलं असतं, मर्यादा ओलांडल्यावर तर बोलायलाच नको. घाट चढून आलेलं डिफरन्शियल तापलेलं असतं. ते थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून आत ओढ निर्माण होते. हवा जाण्या-येण्याचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते. हे त्या दिवशी कळत नाही. तेल दुधाळ होतं, आत गंज धरतो, बेअरिंग खडबडीत होतं, आणि कित्येक महिन्यांनी मागून हुंकार ऐकू यायला लागतो. मग ‘काहीही झालं नाही’ हे तू नदीच्या काठावर उभा राहून लिहिलंस, की प्लग काढून तेल पाहून लिहिलंस? गठ्ठ्यातल्या एकाही लेखात पाण्यातून काढल्यानंतर डिफरन्शियलचा प्लग उघडल्याचा उल्लेख नाही. एकाही लेखात! ही नोंद नसलेला पाण्याचा अनुभव मी कचऱ्यात टाकतो.

समुद्राचं वेगळं सांगायला हवं. दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गोवा, जिकडे तिकडे तुम्ही लाटांत गाडी घातल्याचं लिहिलं आहे. खाऱ्या पाण्याने चासीच्या पोकळीत, ब्रेकच्या पाइपांवर, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये जे सुरू होतं ते तुमच्या गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जातं. त्याला तुम्ही ते सांगणार नाही, हे तुमच्या लेखांवरून मला स्पष्ट दिसतं आहे. आणि गाडीचं सोडा. आंजर्ले आणि वेळासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. टायरखाली वाळू दबते, अंडी दबतात. चाकोरीच्या खोल चरांत पिल्लं अडकतात आणि पाण्यापर्यंत पोचत नाहीत. गावातली माणसं रात्री जागून ती घरटी राखतात, आणि तुम्ही तिथे सकाळी गोल-गोल गाडी फिरवून ‘वाळूवर कामगिरी उत्तम’ असं लिहिता. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात ते योग्यच करतात. सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारांवर, गाडी घालणाऱ्यांनाही हेच लागू. पावसाळ्यात सड्याच्या जांभ्यावर बोटभर मातीत जे उगवतं ते एका चाकाच्या फेऱ्यात जातं. हे लेख स्मरणिकेत छापले तर माझं नाव तुमच्या मंडळाशी जोडू नका.

आता ज्यांनी गाडीत बदल केले त्यांच्याकडे वळतो. ३३ इंची टायर घातलेत. ठीक, पण मग त्या लेखातले सगळे आकडे खोटे झाले हे तुम्हाला कळलं नाही? मूळ २५५/६५ आर १८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. ३३ इंच म्हणजे ८३८. चाक सहा टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गाडी सहा टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला ते ठाऊक नाही. मीटरवर १०,००० दिसतील तेव्हा गाडी १०,६०० च्या पुढे गेलेली असेल. मीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही पूर्वी याच आकड्याला जात होतात त्यापेक्षा पाचेक किलोमीटर जोरात जात असाल. ‘टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं’ असं तिघांनी लिहिलं आहे. काही अंशी पडलंच असेल, वजन वाढलं, गिअरची ओढ कमी झाली. पण काही अंशी तुमचं मोजणंच चुकलं. गुणाकार करून लिहायचं होतं. हे गणित आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं आहे.

पुढे लोखंडी पाइपचा बम्पर लावून ‘आता रणगाडा झाला’ असं लिहिणाऱ्याला एवढंच विचारतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने ह्या गाडीला चार तारे दिले, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. ती चाचणी कारखान्यातून आलेल्या गाडीची होती. तुझ्या पाइपने धक्का चासीत कसा जातो, एअरबॅगच्या सेन्सरला तो केव्हा कळतो, हे तू तपासलंस का? केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना असल्या बम्पर-गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली. तुझी मुलगी पुढच्या सीटवर बसते. ते तार्‍यांचं वाक्य तुझ्या लेखातून काढून टाक, ते तुझ्या गाडीला लागू राहिलेलं नाही.

डिझेलवाल्यांनी काजळीच्या फिल्टरचा दिवा लागल्याची बोंब मारली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले, तेव्हापासून ही जाळी आहे. तिच्यात साठलेली काजळी जळायला इंजिन तापून काही वेळ एका चालीने चालावं लागतं. घर ते दुकान, दुकान ते शाळा, असंच वर्षभर चालवलं तर जाळी भरणारच. तुम्हाला पेट्रोल घ्यायला हवं होतं. हे लिहा, वाचणाऱ्याला उपयोग होईल.

आता मुख्य गोष्ट. ह्यासाठीच मी लिहायला बसलो.

गठ्ठ्यात एक लेख नव्हता. तुमच्यातल्या एकाने तो लिहिला होता, बैठकीत वाचला होता, आणि तुम्ही तो काढून टाकलात. मला हे बाहेरून कळलं. मी त्याला बोलावून लेख मागून घेतला. मळक्या दुरेघी वहीतून फाडलेली पानं आहेत. त्याने एका आवाजाबद्दल लिहिलं आहे. आवाज कुठल्या गिअरमध्ये येतो, किती वेगाला येतो, इंजिन गार असताना येतो की तापल्यावर, रिकाम्या गाडीत येतो की लोड असताना, डावीकडे वळताना वाढतो की उजवीकडे, हे सगळं तारखांसह आहे. जॉबकार्डांच्या प्रती जोडल्या आहेत. काय बदललं, त्याने काय फरक पडला, काय पडला नाही, ते आहे. शेवटी त्याने स्पष्ट लिहिलं आहे की कारण सापडलेलं नाही, आणि त्यात आपल्या चालवण्याचा काही वाटा असू शकतो. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यांवर रोजची धाव असलेली त्याची गाडी आहे. गठ्ठ्यातल्या कुठल्याही गाडीपेक्षा तिने जास्त खडी खाल्ली आहे.

आणि तुम्ही त्याला काय म्हणालात? ‘आमच्या गाडीत येत नाही, मग तुझ्यातच कसा येतो?’ ‘कंपनीची बदनामी करतोस.’ ‘असं छापलं तर आपल्या गाड्यांची किंमत पडेल.’ ‘तुला चालवताच येत नाही.’ एकाने तर मंडळ सोडून जा म्हणून सांगितलं.

लाज वाटली पाहिजे. कारण सापडत नाही म्हणून आवाज नाही, असं मी तुम्हाला कधी शिकवलं? गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येऊन म्हणतं की गाडीत खट्‌ होतं, आणि तुम्ही चालवल्यावर होत नाही, तर गिऱ्हाईक खोटारडं ठरतं का? त्याला बाजूला बसवून, त्याच्याच रस्त्याने, त्याच्याच लोडने चालवायचं असतं. गॅरेजमध्ये हे करणारी तुम्ही माणसं, स्वतःच्या गाडीचा प्रश्न आला की कान झाकून घेता. का? मी सांगतो का. ही गाडी तुम्ही महिनोन्‌महिने वाट बघून घेतली. हप्ता चालू आहे. घरात सांगितलं, गल्लीत सांगितलं. आता तिच्यात खोट आहे असं कोणी म्हटलं की तुम्हाला ती आपल्या अकलेची खोट वाटते. म्हणून चांगलं तेवढं लिहायचं, वाईट निघालं तर चुकून निघालं म्हणायचं, आणि जो खरं बोलतो त्याला बाहेर काढायचं. आणि गाडी विकायची वेळ आली की हेच लेख गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. हा विचार तुमच्यातल्या एकाने लेखाच्या शेवटी चक्क लिहूनही टाकला आहे.

ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ती माणसं असं वागत नव्हती. त्र्यंबक-जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवणारे, खाली कराड-पाटणकडे वडाप करणारे, ह्यांच्याकडे कमांडर जीपा होत्या. ते चालक शाळा अर्धी सोडलेले होते. पण कुठल्या जीपचा मुख्य पाटा कुठे तुटतो, कुठल्या महिन्यातल्या गिअरबॉक्सला तिसरा निसटतो, क्रॉसला किती दिवसांनी ग्रीस द्यावं, हे ते एकमेकांना स्टँडवर उघडपणे सांगत. आपल्या गाडीची खोट लपवली तर उद्या घाटात दुसऱ्याच्या गाडीत आपलाच माणूस बसलेला असेल, हे त्यांना ठाऊक होतं. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली त्याला पाऊणशे वर्षं झाली. ह्या घराण्याच्या गाड्यांची खरी परीक्षा ह्या लोकांनी घेतली, आणि ती न लिहिता गेली. तुम्हाला लिहिता येतं. तुमच्याकडे मोजमापाची हत्यारं आहेत. आणि तुम्ही लिहिता काय, तर ‘रस्त्यावर राजासारखं वाटतं’!

तुमचे लेख वाचून कोणीतरी सात वर्षांचं कर्ज काढणार आहे. आश्रमशाळेचा मास्तर असेल, जनावरांचा डॉक्टर असेल, पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यावर पोचायचं म्हणून घेणार असेल. त्याला तुमच्या आनंदाचं काय करायचं? त्याला जाणून घ्यायचं आहे की टायर त्या खडीवर किती चालतात, पॅड कधी बदलले, कुठल्या सर्व्हिसिंगला किती बिल झालं आणि त्यात तेल किती, मजुरी किती, सुटा भाग मागवल्यावर किती दिवसांनी आला, तोवर गाडी उभी होती की चालत होती. ॲव्हरेजही त्याला हवं, पण डॅशबोर्डवरचं नको. टाकी काठोकाठ, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ, असं बऱ्याच वेळा करून, एसी होता का, लोड काय होता, हे धरून. वाळूत किंवा चिखलात जाताना टायरची हवा किती कमी केली आणि बाहेर आल्यावर परत भरली का, हेही लिहा. त्या वहीवाल्याच्या लेखात एवढी एकच नोंद राहिली आहे; मी त्याला सांगितलं आहे, तो भरतो आहे.

तेव्हा आता असं करायचं. स्मरणिका पुढे ढकला. त्याचा लेख पहिल्या पानावर घ्या, एक शब्द न बदलता, आणि ज्याने त्याला जा म्हणून सांगितलं त्याने बैठकीत सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची. बाकीच्यांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला माझ्या घरामागच्या मैदानात गाड्या घेऊन यायचं. बरोबर सगळी बिलं, सगळी जॉबकार्डं, आर. सी. बुक. ज्याच्याकडे बिलं नाहीत त्याने लेख मागे घ्यावा, आणि आजपासून वही घालून पुढच्या वर्षी द्यावा. इस्त्रीचे कपडे घालून येऊ नका. प्रत्येकाने स्वतःच्या गाडीखाली झोपून, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा प्लग उघडायचा आहे. तेल कसं निघतं ते आधी बघू. लेखाचं नंतर.